बावीस घरांचं राज्य

श्रावण संपत आला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. अमावस्येच्या दोन दिवस आधीपासून तळपाय ठणकायला लागतात. डाव्या तळव्यावर कालवाच्या शिंपल्यानं कापल्याची एक लांब खूण आहे. ती आता पांढरी पडली आहे, पण उधाणाचे दिवस आले की आपण अजून आहोत असं कळवते. मुलगा म्हणतो, आई, फरशी थंड आहे, दुसरं काही नाही. त्यानं मिरजोळ्याला घर बांधलं. आजूबाजूला कारखाने, वर पत्र्यांची छपरं, खाडी इथून दिसतसुद्धा नाही. तरी मी सकाळी चहा पिताना त्याला सांगते, आज अकराला भरती. तो घड्याळाकडे बघून हसतो आणि कामाला जातो.

हसू दे. ज्यानं भरतीच्या वेळेवर भात खाल्लेला नाही, त्याला ते समजायचं नाही.

मी सांगते ते ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला त्या सालातलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि लग्न होऊन माझा एक पावसाळा सासरी गेला होता. माहेर देवशेत, सासर त्याच गावातली खारवाडी. देवशेत सात वाड्यांचा गाव. सहा वाड्या डोंगराच्या उताराला आंब्या-फणसात बसलेल्या, आणि सातवी, आमची, खाली खाडीच्या तोंडाशी, बावीस घरांची. आमची शेती खाजणातली, म्हणजे खाडीला बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतलेल्या जमिनीतली. त्या बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे सागवानी दाराची मोरी. ओहोटीला दार उचलायचं, साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती यायच्या आत दार पाडायचं. बावीस घरांचं पोट त्या एका दारावर होतं, आणि ते कधी उचलायचं हे गाव ठरवत असे. उघाडीवरचा माणूस गावाचा, दार गावाचं, हुकूम गावकराचा. आणि गावकर म्हणजे माझे बाबा.

सासरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी ते दार खालच्या बाजूनं पाहिलं. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. नुकतीच लावलेली रोपं पाण्याखाली गेली होती, नुसते शेंडे दिसत होते, मग शेंडेही दिसेनासे झाले. उघाडीवरचा माणूस गावकराच्या निरोपाची वाट बघत बसला होता आणि गावकर बैल बघायला लांज्याला गेले होते. चौथ्या दिवशी निरोप आला. तोवर लावणी कुजली होती आणि खाजणाला शिळ्या पाण्याचा वास मारत होता. पुढे बाबा भेटले तेव्हा मी विचारलं, तर ते खाली बघत म्हणाले, "जाताना सांगून जाया होवा होता. ध्यानात नाय ऱ्हायला गो."

ते खोटं बोलत नव्हते. माझे बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाचा घास काढून घेतला नाही. त्यांच्या ध्यानात आम्ही राहिलो नाही, एवढंच झालं. सहा वाड्या डोळ्यांसमोर आणि सातवी उताराच्या टोकाला, तर असं होणारच. पण मी तेव्हा सासरच्या ओटीवर बसून कुजलेली रोपं बघत होते, आणि मला असा राग आला होता की जेवण गेलं नाही.

पुढच्या शिमग्याला मुंबईचे सगळे पुरुष घरी आले. आमच्याकडे पालखी घरोघर फिरते, आणि त्याआधी सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी बसते त्या चौथऱ्याशी, गाव जमतो आणि वर्षाचं काय असेल ते बोलून घेतो. त्या दिवशी माझे चुलत सासरे उठून उभे राहिले. त्यांना सगळे रंगूनकाका म्हणत. वीस वर्षं त्यांनी रंगूनच्या नदीत वाफेच्या लाँचवर काढली होती, आणि आदल्या वर्षी नोकरी जाऊन परत आले होते. चौकड्याची रेशमी लुंगी नेसत, तिच्यावरून गावातली माणसं त्यांना हसत. आम्ही बायका एका बाजूला उभ्या होतो, माझ्या शेजारी सासूबाई.

रंगूनकाका म्हणाले, "उगाडीचा दार आमच्याकडं द्या. आमचा माणूस बसंल. येवढाच मागना."

कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "आज दार मागताव, उद्या पालखी मागाल. गाव येक हाय तो येकच ऱ्हायला होवा."

"मंग पालखीपन ऱ्हावू द्या तुमची," असा मागून आवाज आला. तो माझ्या नवऱ्याचा होता. "आमी वेगळे."

हे तो ठरवून बोलला होता असं मला वाटत नाही. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघाल्यावर आमच्या वाडीचा एकेक पुरुष त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि बघता बघता बावीस घरं एका बाजूला झाली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ते म्हणाले, "समजून बोला. वाडी वेगळी झाली तर गावातला येक माणूस तुमच्या सुकादुकाला येनार नाय. आनि तुमची मानसा गावात येनार नाय." आणि पुढे म्हणाले, "कोनाची लेक असंल तरी."

आमचे पुरुष गड जिंकल्यासारखे परत आले. ढोल गावाचा होता, म्हणून रॉकेलचा डबा बडवत आले. आठ दिवस वाडीत नुसती भाषणं चालली होती. नवव्या दिवशी सगळे रत्नागिरीच्या बंदराला जाऊन मुंबईच्या बोटीत बसले. वेगळं व्हायचं त्यांनी ठरवलं, आणि वेगळं होऊन राहायला मागे ठेवलं आम्हाला: बायका, मुलं आणि आठ-दहा म्हातारे. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे हाक मारली तरी कुणी यायचं नव्हतं. याबद्दल मी नवऱ्याला जन्मभर टोचलं, आणि तो जन्मभर गप्प बसला.

वाटणी झाली तेव्हा आपण काय केलं ते हळूहळू समजायला लागलं. दार गावाचं, ते गावानं उचलून नेलं. होडी गावाची, ती गेली. बांधावर खुंट ठोकायचे मोठे मोगर गेले. गुरव गावाचा, न्हावी गावाचा, सुईण गावाची. स्मशानसुद्धा गावाचं, म्हणून म्हाताऱ्यांनी आपसांत ठरवलं की या वर्षी कुणी मरायचं नाही. हे ते हसत बोलले, पण त्यातल्या एकाला खोकला होता आणि तो हसला नाही. ज्येष्ठात एक बाळंतपण अडलं तेव्हा सासूबाईंनी बाह्या सरसावल्या. त्यांनी तोवर फक्त गाईंची वासरं काढली होती. पोर सुखरूप झालं, त्याची आईही वाचली. वेगळं होणं म्हणजे आजवर दुसरं कोणीतरी किती कामं करत होतं त्याची रोज नव्यानं माहिती होणं, असं मला त्या महिन्यांत वाटायला लागलं.

रंगूनकाकांनी एका मोडक्या होडीच्या फळ्या काढून नवं दार केलं. ते दिसायला ओबडधोबड होतं आणि कडेनं पाणी गळायचं. पण ते आम्ही आमच्या हातानं उचललं आणि आमच्या हातानं पाडलं.

वाडीत वाचता येणारी बाई मी एकटी. रत्नागिरीहून येणारं साप्ताहिक आठ-पंधरा दिवसांनी हाताला लागे, ते संध्याकाळी मी ओटीवर मोठ्यानं वाचायची. एकदा त्यात ब्रह्मदेशाबद्दल होतं. एप्रिलपासून तो हिंदुस्थान सरकारच्या कारभारातून निघाला, त्याचं वेगळं कायदेमंडळ, वेगळं टपाल, वेगळी जकात. राज्य इंग्रजांचंच, पण हिंदुस्थानशी लागलेली गाठ सुटली. रंगूनकाकांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

मी विचारलं, "काका, तुमाला तिथून काडला ना त्यांनीच?"

"काडला. दगडपन मारलान." त्यांनी कानामागची खोक दाखवली. "पन त्यांचा खरा होता. शेत त्यांचा, नदी त्यांची, आनि लाँच चालवनारा सारंग आमी, भट्टीचा आगवाला आमी, गोदीत हमाल आमी. कारकून बंगाली. त्यांना त्यांच्याच नदीत कोन इचारीत नव्हता."

"मंग आता चालवतील?"

"माज्या जागी मौंग थिन म्हणून आला. चाळीस वर्साचा बाप्या. पयल्या म्हयन्यात तीनदा लाँच गाळात घातलान. सगळं हसलं." रंगूनकाकांनी कानामागची खोक चोळली. "चवथ्यांदा नाय घातलान."

मग ते विचारत बसले, मला नव्हे, स्वतःलाच. इंजिनाचं सामान कलकत्त्याहून यायचं, ते आता कुठून आणतील. त्यांचा तांदूळ आपल्याकडे यायचा, त्याला आता जकात बसली तर कोण घेईल. रेल्वेतले हिंदुस्थानी बाबू घरी गेले तर गाडी कोण सोडील. हे सगळं त्यांना त्या माणसांबद्दल वाटत होतं ज्यांनी त्यांच्या कानामागे दगड मारला होता. सासूबाई भाजी चिरत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांचा त्ये बगतील. आपला दार गळता त्ये बगा."

श्रावणी अमावस्येला बांध फुटला.

सकाळी अकराची भरती होती, वर दक्षिणेचा वारा. उघाडीच्या अलीकडे पन्नास पावलांवर खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. आधी घागरीच्या तोंडातून पडावी तेवढी धार आली, मग माती खचली आणि चार हातांची खांड पडली. खारं पाणी भातात शिरलं. भात पोटऱ्यात आलं होतं, आठ दिवसांत कणीस बाहेर पडलं असतं. पाणी शिरताना आवाज मोठा नसतो. ताटांच्या बुडातून ते सळसळत जातं, आणि मागे पिवळट फेस राहतो. मी बांधावरून ते बघत उभी होते.

ओहोटी पाचला पूर्ण होणार होती. चार हातांची खांड एका ओहोटीत बुजते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. आम्ही तीसेक बायका चिखलाच्या टोपल्या भरून तयार झालो. रंगूनकाकांनी कांदळाचे खुंट तोडून आणले. पेंढा आला, जांभ्याचे चिरे आले. चारच्या सुमाराला खांडीतलं पाणी गुडघ्याखाली आलं. आता पहिला खुंट ठोकायचा एवढंच बाकी होतं.

पहिल्या खुंटाआधी नारळ लागतो. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, मग मोगर उचलायचा. हे काम गावकराचं. आणि आम्हाला गावकर नव्हता.

म्हाताऱ्यांत बोलणं सुरू झालं. एकाचं घराणं वाडीत पहिलं आलेलं, तो म्हणाला मान माझा. दुसरा वयानं थोरला. तिसऱ्याच्या घरात कुळाचा देव्हारा. तिघंही भांडत नव्हते, अगदी समजूतदारपणे बोलत होते, आणि तेच वाईट होतं. "तू घाल." "तसा नाय, तुजा मान हाय, पन मग उद्या सगळ्या कामात तुजाच म्हणतील." नारळ या हातातून त्या हातात गेला. आम्ही डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या. चिखलाचं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. सहा वाड्यांच्या हुकमाला कंटाळून बाहेर पडलेली माणसं, हुकूम कुणी द्यायचा यावर अडली होती. सुनेनं बोलायचं नसतं म्हणून मी गप्प होते. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

खांडीत एक वाळलेलं पान तरंगत होतं. इतका वेळ ते खाडीच्या बाजूला सरकत होतं, ते थांबलं, आणि हळूच आतल्या बाजूला यायला लागलं.

मी म्हणाले, "पाणी फिरलं."

तिघांनी खाली पाहिलं. मग ज्याच्या हातात नारळ होता त्यानं घाईनं तो बांधावर ठेवला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. रात्रीच्या भरतीनं चार हातांची खांड बारा हातांची केली.

उधाणात बारा हात बुजत नाही. बळ लावून खुंट ठोकले तर पुढची भरती ते काड्यांसारखे उपटून नेते. भांगाची वाट बघायची होती, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी मवाळ होतं त्या दिवसांची. तोवर रोज दोनदा समुद्र आमच्या शेतात येणार होता. दोन दिवसांत खालच्या खाचरांतलं भात लाल पडलं. त्यातच नवऱ्याचं पत्र आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, खुशाली, आणि शेवटी थट्टा, आपलं राज्य कसं चाललं आहे. मी उलट टपाली लिहिलं, राज्य बरं आहे, गुडघाभर पाण्यात आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझा थोरला भाऊ गणू होडी घेऊन आला. वाडीत पाय ठेवायला त्याला मनाई होती, म्हणून होडीतच उभा राहिला. मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन होडीची कड धरली.

"बाबांनी निरोप दिलाय," तो म्हणाला. "वाडीनं सहाणेवर नारळ ठेवावा आनि चुकला म्हनावा. गणपती बसला की भांगाला चाळीस बाप्ये टोपल्या घेवून येतील. येका ओहोटीत खांड बुजवू. दार परत बसवू."



"सुंदरा," तो खाली वाकून म्हणाला, "आई रडता गो. तुजी पयली गवर. तुज्यासाठी सूप आणून ठेवलान."

लग्नानंतरची पहिली गौर. नवं लुगडं नेसून, सुपात फळं-भाज्या भरून गौरीपुढे ओवसायचं, आणि मग माहेरी जाऊन आईच्या हातचं जेवायचं. आदल्या वर्षी घरात सुतक होतं म्हणून राहून गेलं होतं. होडीची कड धरून मी उभी होते आणि मला हो म्हणावंसं वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. चाळीस माणसं आली तर खांड बुजणार हे मला जितकं माहीत होतं तितकं वाडीत कुणालाच नव्हतं, कारण मी त्या चाळीस माणसांच्या घरांत वाढले होते.

मी वाडीत येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. सगळे आमच्या अंगणात जमले होते. रंगूनकाका म्हणाले, "खरा सांगतो. नाय म्हटलाव तर या वर्सी अर्धापोटी ऱ्हावा लागंल. मी काय जादू करनार नाय." मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुजा काय म्हनना? बापूस तुजा हाय."

आता सुनेनं बोलायचं नाही हे मला मान्य नव्हतं. मी म्हणाले, "बाबा बोलले तसं करतील. भांगाला माणसं येतील, खांड बुजेल, भात थोडं वाचेल. आणि पुढच्या आषाढात पाऊस लागला की आपण पुन्हा निरोपाची वाट बघत बसू. बाबा पुन्हा कुठेतरी गेलेले असतील. ते मुद्दाम करणार नाहीत. पण आपली आठवण त्यांना पुन्हा राहणार नाही."

"मंग?"

"मग आपण बुजवू. भांगाला."

सासूबाईंनी मान हलवली आणि म्हाताऱ्यांकडे बघून विचारलं, "कोनाचा नाय हाय?" कुणाचा नव्हता. मी परत पाण्यात गेले आणि गणूला सांगितलं. तो चिडला नाही. "बाबांना काय सांगू?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, सांग की सुंदरा बरी आहे. होडी वळली तेव्हा मी रडले. पाण्यात उभं राहून रडलं तर पदर भिजल्याचा कुणाला संशय येत नाही, एवढी सोय झाली.

गौरी घरात आल्या त्याच दिवशी भांग लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या ओहोटीला आम्ही खांडीत उतरलो. घराघरात गौर सजून बसली होती आणि तिला सजवणाऱ्या बायका मांडीपर्यंत चिखलात होत्या. कुणीतरी नारळ आणला आणि म्हातारे पुन्हा एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाईंनी तो नारळ त्यांच्या हातातून घेतला आणि सरळ चिखलात, खांडीच्या बुडाशी रोवला.

"आता ज्याच्या डोस्क्यावर टोपली, त्यानं आपला आपण देवाला सांगावा," त्या म्हणाल्या. "आनि सांगता सांगता टोपली वोतावी. उबा ऱ्हावून नाय."

रंगूनकाकांनी मोगर नाही म्हणून जांभ्याच्या चिऱ्यानं पहिला खुंट ठोकला. मग आमची रांग सुरू झाली. प्रत्येक बाई टोपली ओतताना काहीतरी बोलत होती. एक म्हणाली, म्हाराजा, माझ्या म्हशीला चारा ऱ्हावू दे. एक म्हणाली, मुंबैवाल्याला बुद्धी दे. त्यावर सगळ्या हसल्या आणि पुढच्या दहा जणींनी तेच मागितलं. एक काहीच न बोलता नुसती पुटपुटून गेली, तिचा मुलगा दोन वर्षं घरी आला नव्हता. मी काय मागितलं ते मला आठवत नाही. पायाखाली कालवं होती आणि तळवा कापला, तेही मला घरी आल्यावर समजलं. बारापैकी आठ हात भरले आणि पाणी फिरलं. पण भांगाचं पाणी, ते मवाळपणे आलं, खुंट हलले, वाकले, उपटले नाहीत. दुसऱ्या दिवशी उरलेले चार हात भरले. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यावर पुन्हा एक थर चढवला, आणि मग घरी जाऊन, सुजलेल्या पायांनी, शिळ्या फुलांच्या गौरीपुढे आम्ही सगळ्या ओवसलो. दोन दिवस उशिरानं. देवीनं चालवून घेतलं.

लोक मला कधी कधी विचारतात, वेगळं होऊन मिळवलंत काय? माझी नात तर कॉलेजात राजकारण शिकते, ती फार खोलात जाऊन विचारते. लहान देश मोठ्या संघातून बाहेर पडला तर त्यानं जगायचं कसं, बाजार कुठला, माणसं कुठली. मी तिला सांगते, बाई, पहिल्या वर्षी जगणं कठीणच असतं. आमचं निम्म्याहून अधिक भात गेलं. जे उरलं त्यात पोलं, म्हणजे पोकळ दाणे, जास्त. माघापासून आम्ही रंगूनचा तांदूळ खाल्ला, जाड, उग्र वासाचा. रंगूनकाका तो बघून म्हणाले, पाठवतायत बा अजून, म्हंजे चाललाय त्यांचा. पुढे त्या देशावरून युद्ध गेलं, काय काय गेलं, ते पाहायला काका उरले नाहीत. त्यानंतर आपला देशही एका मोठ्या राज्यातून बाहेर पडला आणि त्याच्या वाटणीत आमच्या होडीपेक्षा फार मोठ्या गोष्टी फाटल्या. वेगळं झालं की सगळं बरं होतं असं मी कुणाला सांगणार नाही. आम्ही नारळावरून एक ओहोटी घालवली, ती गावावर ढकलता येत नाही. ती चूक आमची होती. पण पुढच्या वर्षी तीच चूक केली नाही, आणि दार वेळेवर उचललं गेलं, कारण ते उचलणाऱ्याचं स्वतःचं शेत त्याच्या मागे होतं. याहून मोठं काही मला सांगता येत नाही.

कार्तिकात झोडणी चालली होती. खळ्यावर धूळ, पेंढ्याचा गोड वास, आणि चिमण्यांचा धुमाकूळ. खळं लहानच होतं, झोडायला फारसं नव्हतं. सासूबाई पेंढी आपटत होत्या, मी सुपानं पोलं उडवत होते. ऊन कलतं झालं होतं. बांधावरून कुणीतरी चालत येताना दिसलं, हातात वहाणा. बुजवलेल्या खांडीवर ते थांबले, पायानं माती दाबून पाहिली, पुन्हा चालायला लागले. जवळ आल्यावर मी ओळखलं आणि माझ्या हातातलं सूप थांबलं.

बाबा आमच्या वाडीच्या गडग्यापाशी आले. जांभ्याचा कमरेएवढा गडगा, त्यात यायला जायला वाट मोकळी होती. ते आत आले नाहीत. बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "भागीरथीबाय, येवू काय?"

सासूबाईंनी हातातली पेंढी आपटायची थांबवली नाही. ती पुरी झोडून झाली, तिचे दाणे झटकले, पेंढा बाजूला ठेवला. मग पदरानं तोंड पुसत विचारलं, "कोन म्हनून येताव? गावकर म्हनून?"

"नाय."

"व्याही म्हनून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बांधाकडे पाहिलं. दोन्ही वहाणा त्यांनी एका हातात घेतल्या. मग म्हणाले, "शेजारी म्हनून."

"मंग या," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाय, पाणी आण गो."

मी आत जाऊन तांब्या घासून घेतला, भरला, आणि गडग्यातून आत आलेल्या माझ्या बाबांना, पाहुण्याला देतात तसं, दोन्ही हातांनी पाणी दिलं.